अनंत तलावाची मोटर

प्रत्येक संस्था शेवटी एका माणसाच्या जागं राहण्यावर उभी असते. तो माणूस झोपला की संस्था बुडते. साम्राज्यं अशीच बुडाली आहेत.

हे विधान मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत केलं होतं. सभा गच्चीवर होती. सोळा सभासदांपैकी सात हजर होते आणि त्यातले दोघे वडा संपवून निघण्याच्या बेतात होते. बुडण्याचा संदर्भ पाण्याच्या टाकीचा होता.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला आहे. चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी एकोणीस वर्षं तिथला सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीच्या कामाचं वर्णन उपविधींमध्ये अडीच पानं केलेलं आहे, पण आमच्याकडे ते एका वाक्यात मावायचं: मोटर लावायची आणि मोटर बंद करायची. पहाटे साडेपाचला नळाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं. मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. वरची टाकी भरली की जादा पाणी एका पाइपातून मागच्या बोळात धो धो पडतं, आणि ज्याच्या कानावर ते आधी पडेल तो खिडकीतून ओरडतो, “सेक्रेटरी, ओव्हरफ्लो!”

इतर ठिकाणी ओव्हरफ्लो ही पाण्याची अवस्था असेल. आमच्याकडे तो आरोप आहे. पाण्याची नासाडी, विजेची नासाडी आणि सेक्रेटरीचं चारित्र्य, तिन्ही त्या एका पाइपातून वाहतात. त्यामुळे कुणी ओरडायच्या आत मी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत पोचलेला असायचो. चोपन्न पायऱ्या खाली, चोपन्न वर, दिवसातून निदान तीनदा. निवृत्त माणसाला याहून चांगला व्यायाम नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. बायकोलाही सांगत असे. ते सांगायला नको होतं.

तिनं एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणजे एकतीस वर्षं ती उभी होती. निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर ऑपरेशन करायला तयार नव्हते. सपाटीवर ती काठी घेऊन बरी चालायची, पण जिना उतरणं तिला जवळजवळ अशक्य झालं होतं. भाजीवाल्याकडे ती तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी सोडायची. मैत्रिणी येत, मग त्यांचेही गुडघे बोलू लागले, आणि त्या फोन करू लागल्या.

मुलगी ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर राहते. तिच्या खालच्याच मजल्यावर एक घर भाड्यानं द्यायचं निघालं, तेव्हा तिनं त्या घरमालकाला महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवलं आणि आम्हाला फोन केला.

“आईबाबा, इकडे या. तीन लिफ्ट आहेत.”

माझं उत्तर तयार होतं. आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे, तेव्हा लिफ्ट येणारच आहे. हे मी नऊ वर्षं सांगत होतो. वास्तुविशारदानं काढलेलं नव्या इमारतीचं रंगीत चित्र मीटरच्या खोलीत लावलेलं आहे. त्यात एक बाई कुत्र्याला घेऊन हिरवळीवरून चालली आहे. ओल येऊन आता कुत्रा गेला आहे.

“आणि इथली मोटर कोण बंद करणार?” मी म्हणालो.

“बाबा, तुम्ही सोसायटी चालवता की कोयना धरण?”

मी “बघू” म्हणालो. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे सर्वांना माहीत आहे; फक्त नाही म्हटल्यावर भांडता येतं आणि बघू म्हटल्यावर येत नाही.

त्याच सुमारास जावयाला त्याच्या कंपनीनं कसल्याशा कामगिरीबद्दल एक बक्षीस दिलं: विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर, समुद्राच्या कड्यावरच्या व्हिलामध्ये दोघांनी पाच दिवस राहायचं. त्यांच्या लेकीची परीक्षा मध्ये आली आणि बक्षीस आमच्याकडे सरकलं. मुलीनं ते देताना अट घातली.

“जा, मजा करा. येताना उत्तर घेऊन या. हो किंवा नाही. ‘बघू’ चालणार नाही.”

बायकोनं त्याच दिवशी बॅग भरली. निघायला अजून दोन आठवडे होते.

निघायच्या दिवशी शेजारच्या चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. पुढे उभं राहून दिग्दर्शन करत होते तळमजल्यावरचे दादा. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या घराण्याची. वडील मिठागरात काम करायचे, भातशेतीही होती. आता दादांच्या नावावर तीन इमारतींमधले गाळे आहेत आणि दादा लुंगी लावून दारात बसतात. वय चौऱ्याहत्तर.

“हलू रं, हलू! बाईंना सांभाला. बाईंनी माज्या दोन पोरांना शिकवलाय.” मग माझ्याकडे वळून, “आन् तुमी कशाला तोंड पाडताव, सेक्रेटरी? मोटर मी बंद करीन.”

“साडेसहाला कान द्या, दादा. पावणेसातपर्यंत भरतेच.”

“पान्यात जन्म गेला माजा. पानी मला शिकवताव?”

टॅक्सी शीळफाट्याला पोचून अडकली. पाऊण तास आम्ही तिथेच होतो. त्या वेळात मी दादांना दोनदा फोन केला: एकदा मीटरच्या खोलीची किल्ली कुठे टांगली आहे ते सांगायला, आणि एकदा ती दुसऱ्या खिळ्यावर आहे हे सांगायला. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिथे पाहण्यासारखं काही नाही, ट्रक आहेत. ती टक लावून बघत होती.

बेटावरच्या स्वागताबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते स्वतः थोडक्यात आवरत नव्हतं. आधी घंटा वाजवली. मग थंड, ओला, सुगंधी रुमाल दिला. मग शहाळ्यात फूल खोचून दिलं. मग छातीवर हात ठेवून तीन दीर्घ श्वास घ्यायला लावले, कारण पासपोर्टची झेरॉक्स निघायची होती. पूर्वी माणसाला अशा उंच कड्यावर नेत ते कडेलोटासाठी. तेव्हा रुमाल देत असल्याची नोंद नाही.

आमच्या दिमतीला एक पन्नाशीची हसरी बाई होती. तिच्या पदाचं नाव बटलर. बटलर मला इंग्रजी रहस्यकथांतून माहीत होते आणि तिथे बहुतेक वेळा खून त्यांनीच केलेला असायचा, म्हणून पहिल्या दिवशी मी जरा अंतर राखून होतो. तिनं आम्हाला उशांचं मेनूकार्ड दिलं. सात प्रकारच्या उशा होत्या, त्यातली एक धान्याच्या टरफलांची. आमच्या आजीच्या घरी तसल्याच उशा होत्या आणि कापूस परवडत नाही म्हणून होत्या. स्नानगृहाला छप्पर नव्हतं. त्याला ‘आकाशाखाली स्नानाचा अनुभव’ म्हणत. तिथे सगळ्याचाच अनुभव होता. न्याहारीचा अनुभव, सूर्यास्ताचा अनुभव, पावलं धुण्याचा अनुभव. आयुष्यभर मी या गोष्टी नुसत्याच करत आलो होतो हे मला तिथे कळलं.

व्हिलासमोर आमचा स्वतःचा पोहण्याचा तलाव होता आणि त्याला समुद्राच्या बाजूचा कठडा नव्हता. पाणी काठोकाठ भरून त्या कडेवरून खाली पडायचं, त्यामुळे तलाव आणि समुद्र एकच असल्याचा भास व्हायचा. याला अनंत तलाव म्हणतात. डोंबिवलीत ज्या जागेची कड दिसत नाही तिथे महापालिका पत्रे लावते. पण माझी हरकत कडेला नव्हती. माझी हरकत आवाजाला होती. पाणी वाहत होतं. दुपारी वाहत होतं, जेवताना वाहत होतं. ओव्हरफ्लो, आणि कुणी ओरडत नव्हतं.

मी त्या बाईंना बोलावून दाखवलं.

“सर, हे वाहण्यासाठीच बांधलं आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. खाली एक चर होता, पाणी त्यात पडायचं आणि पंपानं पुन्हा वर यायचं. “हे कधीच थांबत नाही.”

“पंप बंद कोण करतं?”

“कुणीच नाही, सर.”

एक अख्खी मोटर, अष्टौप्रहर, फक्त ओव्हरफ्लो करण्यासाठी. मला त्या दुपारी झोप लागली नाही.

बायकोचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या जागी चढउतार होते, पण पायरी चढावी लागत नव्हती. टेलिफोन उचलला की दोन मिनिटांत एक छोटी विजेची गाडी दाराशी यायची. पहिल्या दिवशी ती गाडीतून जेवायला गेली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला गेली, मग वाचनालयात गेली, मग परत येऊन चष्मा न्यायला म्हणून पुन्हा गेली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

“आता कुठे?” मी विचारलं.

“अशीच. खाली जाऊन येते.”

हे चार शब्द डोंबिवलीत माझे होते. दिवसातून निदान तीनदा मी ते उच्चारत असे, आणि दार ओढून घेत असे.

कड्याच्या टोकाला एक कट्टा होता. पहिल्याच संध्याकाळी ती काठी टेकत तिथे जाऊन उभी राहिली आणि मला हाक मारली.

“अहो, इकडे या. हा समुद्रकडा. आणि तो खाली सपाट खडक दिसतोय? तो तरंगघर्षित मंच.”

मला नीट कळलं नाही, तसं तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत राहतात. पायथा झिजतो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे मागे सरकतो आणि तो पूर्वी जिथे होता तिथे सपाट खडक उरतो. ओहोटीला तो उघडा पडतो.

“दरवर्षी काढायचे मी ही आकृती,” ती म्हणाली. “निळ्या खडूनं लाटा. दर वर्षी एक तरी मुलगा मंचावर खुर्ची काढायचा आणि खाली लिहायचा, प्रमुख पाहुणे.”

“तू बघितला होतास का कधी?”

“सहल नेली होती एकदा कोकणात. पोचलो तर भरती. मुलांना म्हटलं, याच्याखाली आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पाण्याखाली आहे.”

खाली जायला कड्यात खोदलेल्या दोनशे अकरा पायऱ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूनं रुळांवरून तिरकी जाणारी एक लिफ्ट होती, काचेच्या डब्यासारखी. बायकोनं बटलरबाईंकडून ओहोटीच्या वेळा मागून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे सर्वांत मोठी ओहोटी होती. मी म्हणालो, बघू.

मी रोज तिथल्या नऊ-साडेनऊला, म्हणजे आपल्याकडच्या सातला, दादांना फोन करत होतो.

“मोटर?”

“आताच बंद करून आलो. धावत गेलो पार.”

“अहो, धावू नका या वयात.”

“मंग काय करू? भरली का वाहतंय ना पानी!” दादांना दम लागलेला ऐकू यायचा. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

तिसऱ्या पहाटे साडेपाचला मला जाग आली. एकोणीस वर्षं येते तशी; तिनंही घड्याळ तिथल्या वेळेला लावून घेतलं होतं. अंधार नुकता विरत होता. पूर्ण शुद्धीवर होतो असं म्हणणं कठीण आहे, पण कान शुद्धीवर होते आणि कानांना पाणी पडण्याचा आवाज येत होता. मी उठलो. चपला घातल्या. शेजारचा पलंग रिकामा आहे हे दिसलं, पण आधी मोटर. व्हिलाच्या मागे, वेलींनी झाकलेली एक लाकडी झडप होती. ती मी पहिल्याच दिवशी हेरून ठेवली होती. सेक्रेटरी कुठेही गेला तरी आधी मीटरची खोली शोधतो. आत बरीच बटणं होती आणि एक मोठा लाल दांडा होता. आमच्याकडेही सगळ्यांत मोठा असतो तोच मोटरचा. मी तो खाली ओढला.

पाणी थांबलं. पक्ष्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पूर्वेला केशरी रंग पसरत होता. सूर्योदयाचा अनुभव म्हणतात तो हाच असावा असं मला वाटलं, आणि बेटावर पाय ठेवल्यापासून प्रथमच मला काहीतरी केल्यासारखं वाटलं.

आत आलो तर पंखा बंद होता. बायकोच्या उशीवर, उशांच्याच मेनूकार्डाच्या पाठीवर, तिच्या खडूच्या वळणाच्या अक्षरात चिठ्ठी होती: “ओहोटी सहाला आहे. लिफ्टनं खाली जाते. बाई सोबत आहेत. किटलीत गरम पाणी आहे, चहा घ्या.”

मी कट्ट्यावर धावलो. कड्याच्या पायथ्याशी सपाट काळा खडक उघडा पडला होता आणि त्यावर, घडीच्या खुर्चीत, माझी बायको बसली होती. प्रमुख पाहुण्यांसारखी. लिफ्टचा डबा खालच्या टोकाशी उभा होता. त्याच्यातला दिवा गेलेला होता.

बटलरबाई खालून फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. तेवढ्यात दोन माणसं त्या छोट्या गाडीतून आली. मी त्यांना झडप दाखवली आणि दांडा दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता; माझ्या हाताला अजून लाल रंग लागलेला होता. त्यातल्या एकानं डोकं खाजवलं. त्या दांड्यावर आमचा व्हिला होता, शेजारचा व्हिला होता आणि ती लिफ्ट होती. दांडा नुसता वर करून भागणार नव्हतं. असा एकदम ओढल्यावर लिफ्ट तपासल्याशिवाय चालवत नाहीत. अर्धा तास लागेल, असं तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. तिथे सगळेच इतके नम्र होते की आपलं चुकलं आहे हे कळायला वेळ लागायचा.

मी पायऱ्या उतरलो. मोजत उतरलो, सवयीनं. दोनशे अकराव्या पायरीवर माझे गुडघे जे बोलले ते मी आजवर फक्त बायकोच्या गुडघ्यांकडून ऐकलं होतं.

तिनं साडीचा काठ वर खोचला होता आणि पावलं खडकातल्या एका डबक्यात सोडली होती. डबक्यात बारीक खेकडे होते.

“अहो, लिफ्ट बंद पडली म्हणे.”

“हो.”

“कशानं?”

“मी बंद केली. मला वाटलं मोटर आहे. तलाव वाहत होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसली की बटलरबाई काय झालं म्हणून धावत आल्या.

“अहो, तो वाहायलाच केलाय!”

“माहीत आहे.”

“मग?”

“साडेपाच वाजले होते.”

हे कारण आमच्या घरात पुरेसं होतं. तिनं बटलरबाईंना ते इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण मध्ये मध्ये हसू येऊन ते अर्धवट राहिलं. बाई मान डोलवत थोड्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. मी खडकावर बसलो. तो ओला होता.

“तुला वर कसं नेणार आता?” मी म्हणालो. “दोनशे अकरा आहेत.”

“मोजल्यात ना? आपल्याकडे किती?”

“चोपन्न.”

“त्या मी दोन वर्षांत किती वेळा उतरले?”

माझ्याकडे एकोणीस वर्षांची इतिवृत्तं आहेत. कुठल्या वर्षी कुठल्या भिंतीला ओल आली हे मी तोंडपाठ सांगू शकतो. हे कुठल्याच वहीत नव्हतं.

“सात-आठ वेळा?”

“पाच. दोनदा दवाखाना, एकदा मतदान, एकदा वहिनींचं बारावं आणि एकदा परवा, इकडे यायला. पाचही वेळा खुर्चीतून.”

लाट येऊन खडकाच्या कडेला फुटली आणि पाणी पसरत आमच्यापर्यंत पोचायच्या जरा आधी थांबलं.

“तुझी तक्रार ऐकली नाही मी कधी,” मी म्हणालो. मला ते समजूतदारपणाचं वाक्य वाटलं होतं.

“टाकी भरली की सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं,” ती म्हणाली. “मी ओरडत नाही, एवढंच.”

तिनं पाय पाण्यातून काढून खडकावर ठेवले, काठी घेतली आणि उभी राहिली. खडक जवळजवळ सपाट होता. ती दहा-बारा पावलं समुद्राकडे चालत गेली, वळली, परत आली. मध्ये एका जागी थांबून काठीनं खडकावरच्या भेगा दाखवत मला काहीतरी सांगितलं. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली. एकतीस वर्षं तिच्या वर्गातल्या मुलांनीही तेच केलं असणार.

ती खुर्चीत परत बसल्यावर मी म्हणालो, “ठाण्याला जाऊ या.”

“बघू नाही ना?”

“बघू नाही.”

“तिथली मोटर तुमच्या हातात नसेल.”

“माहीत आहे.”

“मग दिवसभर काय कराल?”

“लिफ्ट तीन आहेत का ते मोजीन.”

ती म्हणाली, “मुलीला आत्ता नका सांगू. तिला वाटेल पाचच दिवसांत ऐकलं. नंतर सगळंच ऐकवेल.”

लिफ्ट चाळीस मिनिटांनी सुरू झाली. पायऱ्यांनी चढणं आरोग्याला चांगलं असतं. मी लिफ्टनं आलो.

व्हिलात फळांची एक मोठी करंडी ठेवलेली होती आणि व्यवस्थापनाचं कार्ड: आपल्या अनुभवात व्यत्यय आल्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. व्यत्यय मी आणला होता. डोंबिवलीत यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलावली असती आणि ती गाजली असती. मी एक पपई खाल्ली. बाहेर तलाव पुन्हा वाहू लागला होता. उरलेले दोन दिवस तो वाहत राहिला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकलो. बायको रोज ओहोटीला खाली जाऊन येत होती. चौथ्या दिवशी तिनं बटलरबाईंना आकृती काढून दिली, उशांच्या मेनूकार्डावरच. निळा खडू नव्हता म्हणून लाटा निळ्या बॉलपेननं.

परत आल्यावर तिला चौघांनी खुर्चीतून वर नेलं. चोपन्न पायऱ्या, तीन मजले. वर पोचल्यावर ती चौघांना म्हणाली, “आता एकदाच खाली न्यायचंय हं, मग सुटलात.” ते काही समजले नाहीत. मी समजलो आणि खाली दादांकडे गेलो.

ही गोष्ट दादांना समोर बसून सांगायची असं मी विमानातच ठरवलं होतं. काय बोलायचं तेही मनात मांडून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं, जबाबदारी, संस्था, नव्या पिढीनं पुढे यावं, वगैरे. दादा दारात बसले होते. मी सगळं बोललो.

“माझी काळजी एकच आहे, दादा,” मी शेवटी म्हणालो. “मोटर. तुम्ही या वयात रोज धावता, ते मला बघवत नाही.”

दादा लुंगी सावरत उठले आणि म्हणाले, “चला माज्याबरोबर.”

आम्ही मीटरच्या खोलीत गेलो. मोटरच्या स्विचशेजारी एक पांढरी डबी बसवलेली होती आणि तिच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. तिच्यातून निघालेली वायर भिंतीवरून वर, गच्चीकडे गेली होती.

“हे काय?”

“सेन्सर. टाकी भरली का मोटर आपली आपन बंद.” दादा माझ्याकडे बघत नव्हते; भिंतीवरच्या त्या नव्या इमारतीच्या चित्राकडे बघत होते. “कमिटीची पोरां दोन वर्सं सांगत व्हती बसवू बसवू. मी म्हटला, सेक्रेटरी हायत तवर नको, त्यांना वाईट वाटंल. मंग तुमी गेलाव.”

“पण तुम्ही फोनवर तर... धावत गेलो म्हणालात.”

“मंग काय सांगू? बसलेलो म्हनू?”

“कधी बसवला?”

“तुमची टॅक्सी वलली आन् प्लंबर आला. तुमचे ते किल्लीचे दोन फोन आले ना, तवा तो शिडीवर व्हता.”

आम्ही महिनाअखेरीला ठाण्याला राहायला गेलो. लिफ्ट तीन आहेत, मी मोजल्या. बायको रोज एकटी खाली जाऊन येते. काय काम असतं ते मी विचारत नाही. आम्ही टॅक्सीत बसलो त्या दिवसापासून डोंबिवलीची टाकी एकदाही वाहिलेली नाही. सेन्सर बसवायला अर्धा तास लागला होता. तेवढ्यात आम्ही शीळफाटाही ओलांडला नव्हता.